साडेसात फुटांचा पाया आणि दीड पानाचा करार

मेलबर्न,
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या इंदूरच्या जुन्या घराच्या जागी नवे घर बांधायचे आहे, त्याच्या ठेकेदाराच्या करारनाम्याचे ताईने पाठवलेले फोटो मिळाले. दीड पान आहे, तरी मी ते तीनदा वाचले. पुढच्या शनिवारी पुणे-इंदूर गाडीने जाऊन सही करून टाकायची, असा तुमचा बेत असल्याचे ताई म्हणाली, म्हणून फोनवर बोलण्याऐवजी सविस्तर लिहीत आहे. फोनवर आपले बोलणे नेहमी आईच्या गुडघ्यांवर येऊन थांबते आणि मुद्दा राहून जातो. माझी विनंती एवढीच आहे की हे पत्र पूर्ण वाचल्याखेरीज सही करू नये आणि विसारही देऊ नये. तुम्ही बँकेत असताना कर्जाच्या कागदावर एक खाडाखोड दिसली तरी फाइल परत पाठवीत होता, आणि तीच कडक नजर मला आज आपल्या स्वतःच्या कागदावर हवी आहे.

सुरुवात पायापासूनच करतो, कारण करारातली सर्वांत महाग ओळ तिथे आहे. दुसऱ्या पानावर, सहीच्या जागेच्या वर, बारीक अक्षरात लिहिले आहे, 'पाया जमिनीपासून पाच फुटांपर्यंत, त्याखालील काम अतिरिक्त'. दिवाळीत घर रिकामे करताना ट्रंकेत आजोबांची हिशेबाची वही सापडली होती, तिचे फोटो ताईने मला मौज म्हणून पाठवले होते. त्यात एका पानावर आजोबांच्या हातचे स्पष्ट लिहिलेले आहे, 'काळी माती सहा फूट, मग पिवळट, पक्का मुरूम साडेसात फुटांवर. मिस्त्री म्हणतो यावर निश्चिंत.' म्हणजे ज्या जमिनीवर आपण बांधणार आहोत तिथे पाच फुटांवर पाया थांबवता येणार नाही, हे आपल्या घरातल्याच कागदावर लिहून ठेवलेले आहे. शेजारच्या दोन प्लॉटांवर ठेकेदाराने काम केले आहे, त्यामुळे हे त्यालाही ठाऊक असणार. पाच फुटांचा आकडा त्याने आपल्याला फसवण्यासाठी घातला असे मी म्हणत नाही, कारण माळव्यात बहुतेक ठेकेदारांच्या छापील मजकुरात असाच आकडा असतो. पण त्यामुळे होते असे की दर स्वस्त दिसतो आणि पहिल्याच महिन्यात, खड्डे उघडे पडलेले असताना आणि मागे फिरण्याची सोय उरलेली नसताना, मालकाला 'अतिरिक्त' कामाचा भाव विचारावा लागतो.

बारा खांबांचे बारा खड्डे, प्रत्येकी पाच बाय पाच फुटांचे धरले आणि प्रत्येक अडीच फूट अधिक खोल न्यायचा म्हटले, तर नुसती खणती साडेसातशे घनफूट वाढते. त्यावर खांबांची वाढलेली उंची, तिथली सळई व काँक्रीट, आणि काळी माती परत न टाकता मुरूम आणून भरणे हे सगळे वेगळे. काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावर उभे केलेले घर दरवर्षी थोडे उचलले जाऊन पुन्हा खाली बसते. आपल्या मागच्या खोलीच्या भिंतीतली तिरकी भेग आठवते ना, जी दर मे महिन्यात रुंद व्हायची आणि दिवाळीपर्यंत मिटायची? ती खोली आजोबांनंतर घाईने वाढवली होती आणि तिचा पाया मुरुमापर्यंत नेला नव्हता, असे तुम्हीच सांगितले होते.

या विषयावर एवढे लिहिण्याचे कारण माझा स्वतःचा अनुभव आहे. मेलबर्नच्या पश्चिमेकडचा सारा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनलेला आहे. आपल्या दख्खनच्या पठारासारखाच खाली बसाल्ट, वर त्याचीच झिजून झालेली चिकण माती. इथे घर बांधण्यापूर्वी मातीची चाचणी होऊन तिला वर्ग मिळतो. आमच्या प्लॉटला 'एच १' मिळाला होता, म्हणजे ऋतुमानानुसार जमिनीचा पृष्ठभाग ४० ते ६० मिलिमीटर वरखाली होऊ शकेल अशी माती. पायाचा आराखडा त्या वर्गाप्रमाणे बनला, त्याची किंमतही करारात बसली. पण मातीत सुटे सुटे बसलेले काळे धोंडे फोडण्यासाठी करारात ३,००० डॉलरची 'तात्पुरती रक्कम', म्हणजे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे बदलणारी अंदाजी रक्कम, धरली होती. चाचणीची छिद्रे नेमकी त्या धोंड्यांच्या मधून गेली होती. पाया खणताना हातगाडीएवढे धोंडे निघाले आणि बिल ८,१५० डॉलरचे आले. व्हिक्टोरिया राज्यातल्या १९९५ च्या कायद्याप्रमाणे जमिनीची माहिती करारापूर्वीच मिळवण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे. ती त्याने मिळवली नसेल, तर त्या माहितीतून जे आधीच कळले असते त्यासाठी त्याला जादा पैसे मागता येत नाहीत. आमच्या ठेकेदाराने चाचणी केलेली होती, त्यामुळे मला मुकाट्याने पैसे द्यावे लागले. तेव्हापासून 'तात्पुरती रक्कम', 'अतिरिक्त' आणि 'प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे' हे तीन शब्द दिसले की मी पेन हातात घेतो.

तेव्हा पायाच्या ओळीऐवजी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, पाया पक्क्या मुरुमापर्यंत नेणे मूळ किमतीत धरले आहे आणि त्याची गृहीत खोली साडेसात फूट आहे. दोन, त्यापेक्षा खोल जावे लागले तर खणतीचा दर घनफुटास किती आणि काँक्रीटचा किती, हे आजच ठरवलेले आहे, आणि कमी खोलीवर मुरूम लागला तर त्याच दराने रक्कम वजा होईल. सहीच्या आधी मातीची चाचणी करून घ्यावी. आर्किटेक्टकडे मातीच्या चाचणीचा अहवाल नसताना पायाचे नकाशे तयार झाले आहेत, हे मला खरे तर मुळीच आवडले नाही. जुना पाया उकरून काढण्याचा खर्च कुणाचा, हेही लिहिलेले नाही. आणि पाडकामातल्या सागवानी चौकटी, खिडक्यांचे गज, तुळया आपल्या की त्याच्या? 'मलबा ठेकेदार नेईल' या तीन शब्दांत सागवानही जाते, हे ध्यानात घ्यावे. आजोबांच्या त्या चौकटींचे लाकूड आज मिळणारही नाही.

आता दराविषयी. 'विथ मटेरियल २,००० रुपये चौरस फूट' ही ओळ वाचून तुम्ही २,३०० ने गुणले आणि ४६ लाख हा आकडा मनाशी पक्का केला. पण हा दर कोणत्या चौरस फुटांवर लागू आहे, ते कराराने सांगितलेले नाही. नकाशात दोन मजल्यांचे मिळून २,३०० चौरस फूट आहेत. ठेकेदार साधारणपणे स्लॅब मोजतो, आणि स्लॅब मोजायचा म्हटला की बाल्कनी, छज्जे, पोर्च, जिन्यावरची खोली आणि पाण्याच्या टाकीखालचा ओटासुद्धा त्यात येतो. मी नकाशावर पट्टी ठेवून ही बेरीज केली तेव्हा क्षेत्रफळ २,५६० निघाले. म्हणजे एकही वीट जास्त न लावता ५ लाख २० हजारांचा फरक पडतो, आणि वाद झाला तर दोघेही आपापल्या परीने खरे ठरतात. म्हणून दर ठेवा, पण त्याशेजारी आकडा लिहून घ्या. या नकाशाप्रमाणे संपूर्ण घराची ठोक रक्कम इतकी, मोजमाप कसेही केले तरी ती बदलणार नाही, आणि नकाशाची प्रत दोघांच्या सह्यांसह कराराला जोडलेली आहे, असे त्यात असावे. नगर निगमने मंजूर केलेला नक्शा वेगळा आणि ठेकेदाराच्या हातातला वेगळा, असे आपल्याकडे सर्रास होते. करारावर त्या नकाशाची तारीख घातली की हा घोळ मिटतो.

या रकमेत काय येत नाही, तेही पाहिले पाहिजे. कुंपणाची भिंत, फाटक, जमिनीखालचा हौद, सेप्टिक टाकी, पावसाचे पाणी मुरवण्याची व्यवस्था, वाळवी-प्रतिबंधक फवारणी, बांधकामासाठीचा तात्पुरता वीज मीटर, पाण्याचे टँकर, नळजोडणी यांपैकी एकाचाही उल्लेख दीड पानात नाही. उल्लेख नाही म्हणजे ते त्याच्या हिशेबात नाही, असेच समजावे. त्याशिवाय बांधकाम मजूर कल्याणाचा १ टक्का उपकर आहे. तो १९९६ च्या केंद्रीय कायद्याने आला आणि स्वतःच्या राहत्या घराला ठरावीक खर्चापर्यंत त्यातून सूट असते, तेव्हा तो आपल्याला लागतो का ते विचारून घ्या. लागत असेल तर कोण भरणार तेवढे लिहा.

जे लिहिले आहे तेही जरा सैल आहे. 'टाइल्स ४५ रुपये फुटांपर्यंत', 'आयएसआय मार्क वायर', 'चांगल्या कंपनीचे नळ'. टाइल्सचे उदाहरण घ्या. आई ताईबरोबर दुकानात गेली तेव्हा तिला आवडलेली फरशी ८५ रुपयांची होती, हे ताईनेच मला सांगितले. म्हणजे फुटामागे ४० रुपये आपल्या खिशातून, आणि तोडताना जी वाया जाते तीही त्याच भावाने. ४५ रुपयांत कर धरला आहे का, वाहतूक धरली आहे का, बसवण्याची मजुरी वेगळी आहे का? आमच्याकडे अशा प्रत्येक वस्तूची रक्कम करारात स्वतंत्र दाखवावी लागते, आणि तरीही वस्तू त्याहून महाग घेतली की फरकावर ठेकेदार स्वतःचे टक्के चढवतो. ते मला नळ आणि सिंक घेताना कळले. माझा सल्ला असा की दुकानात जाऊन फरशी, नळ, वायर, बटणे आणि दारांची लाकडे आधीच निवडावीत आणि करारात कंपनीचे नाव, प्रकार, भाव लिहावा. विजेचे पॉइंट खोलीवार मोजून त्यांची संख्या घालावी. काँक्रीटची प्रत एम २०, सळईची प्रत एफई ५०० डी, सिमेंटचा प्रकार, आणि काँक्रीटच्या नमुन्याचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून पाहण्याची चाचणी, एवढे तरी हवेच. स्लॅबच्या सळईखाली २० मिलिमीटरचे सिमेंटचे ठोकळे बसवावेत, गिट्टीचे तुकडे सरकवू नयेत, हीसुद्धा एक ओळ लिहा. ती वाचून ठेकेदार हसेल, पण स्लॅबच्या सकाळी तुम्ही गुडघ्यावर बसून सळईखाली बोट घालून पाहू शकाल, आणि त्या वेळी बोलायला तुमच्या हातात कागद असेल.

बाबा, हप्त्यांचा मजकूर मात्र मला सर्वांत जास्त खटकला. त्याने मागितले आहेत ते असे: बुकिंगला २० टक्के, जोत्याला २०, पहिल्या स्लॅबला २०, दुसऱ्या स्लॅबला २०, गिलाव्याला १५ आणि ताबा देताना ५. दुसरा स्लॅब पडला त्या दिवशी ४६ लाखांपैकी ३६ लाख ८० हजार त्याच्याकडे गेलेले असतील, आणि जागेवर काय असेल? खांब, तुळया आणि दोन स्लॅब. विटांचे बरेचसे काम, गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, नळ, वीज, दारे, खिडक्या, रंग हे सगळे उरलेल्या ९ लाख २० हजारांत व्हायचे. ते होत नाही. त्या पैशांत करायला त्याचा जीव होत नाही, म्हणून तो दुसऱ्या साइटवर जातो आणि आपले घर सांगाड्याच्या रूपात उभे राहते. सुदामा नगरातल्या आपल्या ओळखीच्या कुटुंबाचे झाले ते हेच. माणूस वाईट नव्हता, हप्ते उलटे लावलेले होते.

मी बांधले तेव्हा इथल्या कायद्याने हप्ते ठरवून दिलेले होते. विसार ५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पाया झाल्यावर १०, सांगाडा उभा राहिल्यावर १५, बाहेरची दारे-खिडक्या लागून घर कुलूपबंद करता आले की ३५, आतली कामे झाल्यावर २५ आणि शेवटी १०. म्हणजे सांगाडा झाला तेव्हा माझे ३० टक्केच गेले होते. इथली घरे लाकडी सांगाड्याची असल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू पडणार नाहीत, कारण आपल्याकडे काँक्रीटचा सांगाडा हाच मोठा खर्च आहे. म्हणून मी वेगळी विभागणी सुचवतो. विसार ५, पाया आणि जोते १५, पहिला स्लॅब १५, दुसरा स्लॅब १५, वीटकाम आणि दोन्ही बाजूंचा गिलावा १५, फरशी, नळ आणि वीज १५, दारे-खिडक्या आणि रंग १०, ताबा ५, आणि शेवटचे ५ टक्के एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर. यात दुसऱ्या स्लॅबपर्यंत निम्मे पैसे जातात आणि निम्मे आपल्या हातात राहतात.

यावर तो म्हणेल की सुरुवातीला सळई आणि सिमेंट भरायला माझ्याकडे भांडवल नाही. ती अडचण खरी असू शकते, आणि त्यासाठी त्याला जास्त विसार देण्याची गरज नाही. पहिल्या सळईचे पैसे तुम्ही थेट दुकानदाराच्या खात्यात भरा, बिल आपल्या नावाचे घ्या आणि तेवढी रक्कम त्याच्या पुढच्या हप्त्यातून वजा करा. सळई आपल्या आवारात उतरते, त्याची गरज भागते आणि आपला पैसा दुसऱ्या कुणाच्या स्लॅबमध्ये जात नाही.

भाववाढीच्या कलमात त्याने लिहिले आहे, 'सिमेंट, सरिया (सळई) यांचे भाव वाढल्यास फरक मालक देईल'. हे मान्य करायला माझी हरकत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये इथे लाकूड व लोखंडाचे भाव इतके चढले की ठोक रकमेचे करार केलेल्या कंपन्या आतून पोखरल्या गेल्या. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांतली एक फार मोठी कंपनी बुडाली आणि सुमारे १,७०० घरे अर्धवट राहिली. काही लोकांनी विसार भरलेला होता आणि कंपनीने त्यांच्या नावाचा सक्तीचा विमा उतरवलेलाच नव्हता. शेवटी सरकारला ती रक्कम भरून द्यावी लागली. आपल्याकडे असा विमाही नाही आणि भरून देणारे सरकारही नाही, तेव्हा ठेकेदाराला तोट्यात ढकलून आपला फायदा होईल, असे मला वाटत नाही. पण कलम दोन्ही बाजूंनी चालले पाहिजे. सही होईल त्या दिवसाचा सिमेंटच्या गोणीचा आणि सळईच्या टनाचा भाव लिहा, वाढ झाली तर आपण द्यायची आणि उतार झाला तर त्याने वजा करायची. त्याचे अंदाजपत्रक ऑगस्टचे आहे आणि सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो उतार त्याने दरात धरला आहे का, हे शांतपणे विचारा. आणि फरक किती मालावर द्यायचा, त्यालाही मर्यादा हवी. चौरस फुटाला चार किलो सळई या नेहमीच्या ठोकताळ्याने आपल्या घराला सव्वानऊ टनांच्या आसपास सळई लागावी. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नेमका आकडा घ्या आणि तो करारात घाला, नाहीतर फरक बारा टनांवर मागितला जाईल.

जीएसटीवरून आठवले. 'बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील' असे तो तुम्हाला म्हणाला. ४६ लाखांवर ते ८ लाख २८ हजार होतात, मोह पडण्यासारखीच रक्कम आहे. पण ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाते त्या ठेकेदाराला नोंदणी करावीच लागते, आणि त्याची उलाढाल आपल्या एकट्या कामानेच तेवढी होते. बिल नसेल तर उद्या काही बिनसल्यावर आपण कुठे उभे राहणार? रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचा कायदा, आपल्या कामाचा नाही. तो विकायला बांधलेल्या मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, एकट्या मालकाने स्वतःच्या प्लॉटवर बांधून घेतलेल्या घरासाठी नाही. आपल्याला दार आहे ते ग्राहक आयोगाचे, कारण घरबांधणी ही कायद्याने 'सेवा' आहे. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच करता येते आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण तिथे रोखीने दिलेल्या पैशांचा पुरावा काय दाखवणार? कर वाचवण्याचा सरळ मार्ग एकच आहे. एकट्या राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी माफ आहे, म्हणजे माल आपण आणायचा आणि त्याने फक्त मजुरीचा दर घ्यायचा. मात्र तसे केले तर रेतीच्या ट्रकपासून खिळ्यांपर्यंत सगळे तुम्हाला पाहावे लागेल. या वयात तुम्ही पहाटे पाचला नर्मदेची रेती उतरवून घ्यायला उभे राहावे, हे आईला आणि मला, दोघांनाही मंजूर नाही. तेव्हा विथ मटेरियलच ठेवावे, बिल घ्यावे, पैसे बँकेतून द्यावेत, आणि २,००० च्या दरात कर आहे की नाही ते स्पष्ट लिहून घ्यावे. ते आज लिहिलेले नाही.

आईला एक निरोप द्या. देवघर ईशान्येला हवे की स्वयंपाकघराला लागून, ओटा किती उंच, खिडकीसमोर सिंक की भिंतीसमोर, हे तिने आता ठरवावे, स्लॅबनंतर नाही. मी इथे साइटवरच्या पर्यवेक्षकाला चालता चालता सांगितले होते की स्वयंपाकघराची खिडकी जरा डावीकडे घ्या. तो 'हो, होईल' म्हणाला आणि झालीही. महिन्याभराने २,३४० डॉलरचा कागद आला. इथे बदल लेखीच असावा असा कायदा आहे, त्यामुळे मी भांडलो आणि शेवटी निम्म्यावर तडजोड झाली, पण त्यानंतर त्या माणसाने माझ्याशी मोकळेपणाने बोलणे सोडले. खिडकी मात्र छान आहे, हे कबूल केले पाहिजे. आपल्या करारात असे घालावे की कोणताही बदल, त्याची वाढीव किंवा कमी होणारी किंमत आणि लागणारे जास्तीचे दिवस यांवर दोघांची सही झाल्याशिवाय तो बदल करू नये आणि केला तर पैसे मागू नयेत. सहीसाठी एक साधी दोनशे पानी वही साइटवर ठेवा. मिस्त्रीशी आपण परस्पर काहीही बोलू नये, आईनेसुद्धा.

मुदतीचे कलम थोडक्यात सांगतो. 'अंदाजे ११ महिने' यातला 'अंदाजे' काढा आणि तारीख घाला. जानेवारीत खणती सुरू झाली तर पावसाळ्याआधी दोन्ही स्लॅब पडायला हवेत. उशिराबद्दल दिवसाला किती रक्कम ते लिहा, पण आपले खरे नुकसान होईल तेवढीच ती ठेवा, म्हणजे सामान ठेवलेल्या गाळ्याचे भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालय लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढेच देते, तेव्हा धाक घालण्यासाठी मोठा आकडा लिहिण्यात अर्थ नाही. पाया, जोत्याची तुळई आणि दोन्ही स्लॅब या चार वेळी काँक्रीट ओतण्यापूर्वी आपल्या वेगळ्या इंजिनिअरने येऊन पाहिले पाहिजे आणि त्याच्या सहीशिवाय तो हप्ता देय होणार नाही, हेही घाला. त्याची फी मी देईन.

तुम्हाला यातले पुष्कळसे अवघड वाटेल, याची मला कल्पना आहे. ठेकेदार लोकमान्य नगरातलाच, गणपतीच्या वर्गणीला आपल्या दारात येणारा, त्याच्यापुढे इतकी कलमे ठेवणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे तुम्ही म्हणाल. माझे नाव पुढे करा. 'पैसे मुलगा पाठवतो, तो परदेशात राहून फार कागदी झाला आहे, त्याच्या मनासारखे लिहून दिल्याशिवाय पाठवत नाही' असे सरळ सांगा. ते खरेही आहे. मी रक्कम तुमच्या खात्यात एकदम न पाठवता हप्त्याहप्त्यानेच पाठवणार आहे, आणि ४६ लाखांखेरीज दहा टक्के, म्हणजे साडेचार लाखांच्या वर थोडे, माझ्याकडे वेगळे ठेवले आहेत. ते ठेकेदाराला कळू देऊ नका, ताईच्या सासरीही नको. तिथून बातमी राजवाड्यापर्यंत पोहोचायला एक दिवस लागतो.

सुधारलेला मसुदा ई-स्टॅम्पवर घेण्याआधी साध्या कागदावर मला पाठवा, मी एका रात्रीत वाचून परत करीन. भावजींनाही एकदा दाखवावा. त्यांचे आणि माझे फारसे जमत नाही, पण आकड्यांतली चूक ते बरोबर पकडतात. पहिला खड्डा खणला जाईल त्या दिवशी तुम्ही तिथे असा, मातीचा रंग बदलेल तिथे टेप लावा आणि फोटो पाठवा. आजोबांच्या साडेसात फुटांशी ताडून पाहू. वहीत त्या नोंदीखाली अर्धे पान कोरे आहे, तिथे नवा आकडा तुमच्या अक्षरात लिहून ठेवा.

आईस साष्टांग नमस्कार, ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा

ता. क. सागवानी चौकटी पाडकामापूर्वी मोजून त्यांचे फोटो काढून ठेवावेत. एकूण अकरा आहेत, कोठीघराची धरून.